पिल्लू आणायचंय, पण घरात वावडं आहे



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांची मुलाखत झाली. फोन सगळे शेळ्यांचे येणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण कुत्र्यांचेही बरेच आले, आणि त्यातले तीन-चार एकाच तऱ्हेचे होते. घरात कुणाला तरी कुत्र्याची ॲलर्जी आहे, तरी कुत्रं पाळायचं आहे, तर कोणत्या जातीचं पिल्लू आणावं? वेळ संपत आली होती म्हणून तो प्रश्न राहून गेला. मी डॉक्टर नाही, बचत गटांचं काम बघते. पण हाच प्रश्न आमच्या एका गटाच्या बैठकीत येऊन गेला होता, तोही कर्जाच्या अर्जासकट. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि पशुवैद्यकांना विचारलं होतं, थोडं वाचलंही होतं. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

शहरातल्या माणसाला वाटेल, ॲलर्जी आहे तर कुत्रं पाळायचंच कशाला? ज्या ताया शेतातल्या वस्तीवर राहतात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. घर उसाच्या कडेला, मालक रात्रीच्या लाइटवर पाणी धरायला गेलेले, घरात सासूबाई आणि पोरं. बिबट्या येवो, लांडगा येवो, चोर येवो, पहिल्यांदा कळतं ते कुत्र्याला. दावणीला शेळ्या असतील तर विचारूच नका. म्हणून हा हौसेचा प्रश्न नाही असं मी धरून चालते. हौस असली तरी काही बिघडत नाही म्हणा.

आता ॲलर्जी म्हणजे काय ते आधी बघू. आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, वावडं. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला शेंगदाण्याचं. ज्या गोष्टीनं दुसऱ्याला काही होत नाही तिलाच एखाद्याचं शरीर शत्रू समजतं आणि लढायला उठतं. मग शिंका, नाक गळणं, डोळे चोळून चोळून लाल होणं, अंगावर गांधी उठणं. काहींच्या छातीपर्यंत जातं. रात्रीचा खोकला, धाप, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. हा दमा.

कुत्र्याचं वावडं म्हणजे त्याच्या केसांचं वावडं असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. खरं वावडं असतं कुत्र्याच्या अंगात तयार होणाऱ्या काही प्रथिनांचं. ती त्याच्या लाळेत असतात, कातडीच्या कोंड्यात असतात, मुतात असतात. कुत्रं दिवसभर अंग चाटतं. लाळ केसांवर वाळते, तिची भुकटी होते, कोंड्यात मिसळते आणि उडते. केस हे फक्त वाहन. त्यावर बसून आलेला प्रवासी वेगळाच.

आणि हा प्रवासी फार बारीक. आपण परसात मिरची कांडायला बसलो की पुढच्या दारात बसलेल्या माणसाला ठसका लागतो. त्याला मिरची दिसते का? तसंच हे. कुत्र्याची ही बारीक भुकटी हवेत बराच वेळ तरंगते, कपड्यांना चिकटते, अंथरुणात जाऊन बसते. जिथे कधी कुत्रं पाऊल टाकत नाही अशा शाळेच्या वर्गांतल्या धुळीतसुद्धा ती सापडली आहे, कारण ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्या मुलांच्या कपड्यांवरून ती तिथे पोचते. कुत्रं घरातून गेलं तरी ती काही महिने मागे राहते. त्यामुळे "कुत्रं आठ दिवस मामाकडे ठेवून बघितलं, तरी पोराचं नाक वाहतंच" यावरून काहीच ठरत नाही. आठ दिवसांत घरातली भुकटी गेलेलीच नसते.

एवढं कळलं की जातीच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळतं. आखूड केसांचं कुत्रं आणलं म्हणून लाळ कमी होत नाही. काळं असो, पांढरं असो, गावठी असो, कारवानी असो, की पाहुण्यांनी कौतुकानं दिलेलं पामेरियन असो, प्रत्येक कुत्र्याला कातडी आहे, जीभ आहे.

पण बाजारात वेगळं सांगतात. आणि इथेच ती कर्जाच्या अर्जाची गोष्ट येते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला. रक्कम वीस हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, कुत्र्याचं पिल्लू. बैठकीत आधी हशा पिकला. मग ताईंनी सांगितलं ते ऐकून सगळ्या गप्प झाल्या. घर वस्तीवर, जुनं कुत्रं म्हातारं होऊन गेलं, शेळ्या सहा. नऊ वर्षांचा मुलगा. त्याला सर्दी कायमची आणि रात्री खोकला, डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. शहरातल्या एका विक्रेत्यानं सांगितलं होतं की विशिष्ट जातीच्या पिल्लाचे केस गळत नाहीत, त्याची ॲलर्जी कुणालाच होत नाही, वाटल्यास लिहून देतो. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "लिहून काय देणार? पोराला दमा उठला तर दमा परत घेणार का?"

काकूंनी शंभर नंबरी प्रश्न विचारला होता. "ॲलर्जी न होणारी जात" म्हणून पूडल, माल्टीज, शिह त्झू, लॅब्राडूडल अशी नावं सांगतात. २००९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या घरी कुत्रं आणायचं ठरलं. त्यांच्या मोठ्या मुलीला ॲलर्जी होती म्हणून पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचं पिल्लू निवडलं. त्याचे फोटो जगभर छापून आले आणि अशा जातींचा बोलबाला आणखी वाढला. या जातींचे केस कमी गळतात हे खरं आहे. पण केस म्हणजे वाहन, हे आपण आत्ताच बघितलं. २०११ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधल्या संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्या घरांतली धूळ गोळा करून तपासली. ज्या घरांत या खास जाती होत्या आणि ज्या घरांत साध्या, त्यांच्या धुळीत फरक निघाला नाही. पुढच्या वर्षी नेदरलँडमधल्या संशोधकांनी कुत्र्यांचे केस कापून त्यातलं प्रथिन मोजलं, तर खास म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत ते उलट जास्तच निघालं. घरातल्या हवेत फरक नव्हता.

लॅब्राडूडलची जन्मकथा तर ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात अंध लोकांना वाट दाखवणारी कुत्री शिकवून तयार करणारी एक संस्था आहे. तिथे वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ काम करत. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे हवाई बेटांवरून एका अंध बाईंची मागणी आली. त्यांना वाटाड्या कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याचं वावडं. कॉनरन यांनी आधी बरेच पूडल शिकवून पाहिले, ते त्या कामाला टिकेनात. शेवटी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या नवऱ्यावर तपासली. तीनपैकी एकाच पिल्लाचा त्याला त्रास झाला नाही. आई एक, बाप एक, वेत एक, तरी दोन पिल्लं चालली नाहीत आणि एक चाललं. पुढे लोकांनी हा संकर "ॲलर्जी न होणारा" म्हणून जगभर विकला, आणि आपण हे सुरू केलं याचा पश्चात्ताप होतो असं कॉनरन यांनी स्वतःच जाहीर बोलून दाखवलं.

मला या गोष्टीतलं तीनपैकी एक हे फार महत्त्वाचं वाटतं. कॉनरन यांनी जातीवर भरवसा ठेवला नाही. त्या माणसाला ते पिल्लू चालतं का, हे त्यांनी पिल्लू पाठवायच्या आधी तपासलं. आपल्याला तेच करायचं आहे, आणि त्याला वीस हजार लागत नाहीत.

शिवाय या खास जातींचं इथे काय होतं तेही ध्यानात घ्या. पूडलचे केस गळत नाहीत म्हणजे ते वाढत राहतात, दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात. नाही कापले तर लोकरीसारखे गुंततात, आत गोचीड होतात, कातडी सडते. शिह त्झूचं नाक बसकं, त्याला आपला वैशाख सोसत नाही. आणि बिबट्या आला तर ते भुंकणार की आपल्याच पदराआड लपणार, हे तुम्हीच ठरवा.

पण पिल्लाकडे जायच्या आधी एक पायरी आहे, आणि ती बऱ्याच जणी गाळतात. वावडं खरंच कुत्र्याचं आहे का? घरात कुणी शिंकलं की आपण डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्याला धरतो. पण गोधडीत, उशीत, गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, त्यांचं वावडं खूप जणांना असतं. झुरळांचं असतं. गाजरगवताचं असतं. मळणीच्या भुशानं, चुलीच्या धुरानं, मच्छर अगरबत्तीनं छाती भरते. म्हणून पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा. कधी शिंका आल्या, कुठे होता, काय करत होता, झोपून उठल्यावर की गोठ्यात गेल्यावर, कुणाच्या घरी कुत्रं खेळवून आल्यावर. गटाचं रजिस्टर लिहितो तसंच, तारीख घालून. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांचंही काम सोपं होतं.

मग चाचणी. ॲलर्जीचे डॉक्टर हातावर वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठे गांधी उठते ते बघतात. रक्ताचीही तपासणी असते. आपल्याला जवळ कुठे होते ते आरोग्य केंद्रातून विचारून घ्या. टोचायच्या चाचणीआधी सर्दी-खाजेच्या काही गोळ्या थोडे दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या कोणत्या आणि किती दिवस हे डॉक्टर सांगतील तसंच करा. दम्याचा पंप मात्र आपल्या मनानं बंद करायचा नाही. "पंपाची सवय लागते" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पंप अर्धवट सोडल्यानं पोरं रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावी लागतात.

त्या ताईंच्या मुलाची चाचणी झाली. मोठी गांधी उठली ती धुळीतल्या किड्यांना. कुत्र्याला उठली, पण लहान. डॉक्टरांनी औषध दिलं आणि अंथरूण बदलायला सांगितलं. जुनी कापसाची गादी गेली, गोधड्या गरम पाण्यात धुवायला लागल्या, दोन-अडीच महिन्यांत रात्रीचा खोकला बराच उतरला. त्यानंतरच डॉक्टरांनी सांगितलं की कुत्रं बाहेर राहणार असेल तर बघा करून.

आता पिल्लू कसं बघायचं ते सांगते. त्याआधी एक गोष्ट पक्की. ज्याला दम्यासाठी दवाखान्यात ॲडमिट करावं लागलंय, ज्याचा दमा औषधानंही काबूत नाही, त्याच्यावर हे करून बघायचं नाही. बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारून, पंप जवळ ठेवून.

पिल्लू आधी घरी आणायचं नाही. आपण त्याच्याकडे जायचं. पिल्लू आईपाशी असतानाच जायचं, म्हणजे आईचाही अंदाज येतो. पिल्लाची केसाळी पुढे बदलते, अंग वाढतं, लाळ-कोंडा वाढतो, म्हणून महिन्याच्या पिल्लानं काही झालं नाही यावर एकदम हुरळून जाऊ नये. पहिल्या दिवशी ज्याला वावडं आहे त्यानं अर्धा तास तिथे बसावं. आईला आणि पिल्लाला हात लावावा, पण तो हात डोळ्यांना लावू नये. घरी येऊन हात-तोंड धुऊन कपडे बदलावे आणि त्या रात्री लक्ष ठेवावं. काहींना तिथल्या तिथे शिंका येतात, काहींची छाती रात्री भरते. काही झालं नाही तर दोन-तीन दिवसांनी परत जावं, थोडं जास्त वेळ. असं दोन आठवड्यांत चार-पाच वेळा. जाण्याआधी शिंकांची गोळी देऊन नेऊ नका, नाहीतर गोळीनं त्रास झाकला जातो आणि आपल्याला वाटतं, चाललं. त्या गोळ्या रोजच चालू असतील तर थांबवायच्या का हे डॉक्टरांना विचारा.

पिल्लू शेजारचं असेल तर हे सहज होतं. विकत घेताना विक्रेता पाच वेळा येऊ देईल का? नाही देणार. मग त्याच्याकडून घेऊ नये, माझं तरी असं मत आहे.

एका वेतातली सगळी पिल्लं सारखी नसतात हे आपण कॉनरन यांच्या गोष्टीत बघितलंच. त्यातलं निवडताना कातडी बघा. केस मागे सारून बघा. कोंडा सुटतोय, खरूज आहे, पिसवा आहेत, पिल्लू सारखं खाजवतंय, तर ते अंगावरून जास्त भुकटी सांडणार. औषधानं ते बरं होतं, पण मग बरं झाल्यावर परत भेटून ठरवा. फार लाळ गाळणारं नको. लहान चणीचं असेल तर कातडी तेवढी कमी, पण राखणीला लहान चण चालेल का ते तुम्हाला माहीत.

आणि आता मादी पिल्लाबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

कुत्र्याच्या ज्या प्रथिनांचं वावडं होतं त्यातलं एक फक्त नरात तयार होतं. ते प्रोस्टेट ग्रंथीत बनतं, मुतातून बाहेर पडतं आणि अंगावरच्या केसांवरही येतं. काही माणसांना कुत्र्याचं म्हणून जे वावडं असतं ते या एकाच प्रथिनाचं असतं. अशा माणसाला नर कुत्र्याजवळ शिंका येतात आणि मादीजवळ काही होत नाही. नराची नसबंदी केली तरी हे प्रथिन खूप कमी होतं. आपलं वावडं नेमकं याच प्रथिनाचं आहे का, हे सांगणारी रक्ताची तपासणी मोठ्या शहरांत होते, पण खर्चिक आहे. ती नाही झाली तरी सोपा मार्ग आहे. भेटीच्या वेळी नर पिल्लाला आणि त्याच्या बापाला वेगळं भेटा, मादीला वेगळं, वेगळ्या दिवशी. आणि सगळं सारखंच वाटलं तर मादी घ्या. सगळ्यांनाच तिचा उपयोग होईल असं नाही, ज्यांना दुसऱ्या प्रथिनांचं वावडं आहे त्यांना मादीनंही त्रास होणार. पण झाला तर फायदाच, तोटा काही नाही.

आपल्याकडे मात्र काय होतं? वेतातली नर पिल्लं पहिल्या आठवड्यात "ठेवली" जातात. मादी पिल्लं राहतात. मग ती पोत्यात घालून बाजारतळावर, नाहीतर गावाबाहेर कालव्याकडेला सोडून येतात. का, तर कुत्री पिल्लं घालते, दाराशी कुत्री गोळा होतात. राखणीला मादी कमी पडते असं कुणी म्हणेल तर ते काही खरं नाही. धनगराच्या वाड्यावर जाऊन बघा, मेंढरांमागे कुत्र्याही असतात. आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी होते. कोणत्या महिन्यात करायची ते पशुवैद्यक पिल्लू बघून सांगतात. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस जखम चाटू द्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं. नसबंदीनं मादीचे गर्भाशयात पू होण्यासारखे मोठे आजारही टळतात. आपण बायकांनी तरी मादी नको म्हणून पोतं उचलू नये असं मला वाटतं. असो.

त्या ताईंनी संक्रांतीनंतर शेजारच्या वस्तीवरचं मादी पिल्लूच आणलं. मुलगा आधी पाच वेळा जाऊन आला होता. वीस हजारांचा अर्ज त्यांनी मागे घेतला आणि थोडं कर्ज गोठ्याच्या कडेला पत्र्याची सावली आणि ओटा करायला काढलं. कुत्री आता आठ-नऊ महिन्यांची आहे, या महिन्यात तिची नसबंदीही झाली. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. मुलानं तिला मिठी मारली की डोळे चोळत बसतो. मग ती दोघं चेंडू लांबूनच खेळतात. पण खोकला परत आलेला नाही, आणि पंप औषधांच्या डब्यात हाताशी आहे.

पिल्लू चांगलं निवडलं तरी निम्मं काम ते कुठे झोपणार यावर असतं. ज्याला वावडं आहे तो झोपतो त्या खोलीत कुत्रं पहिल्या दिवसापासून जाता कामा नये. "लहान आहे, थंडी आहे, चार दिवस आत राहू दे" असं म्हणून आत घेतलेलं पिल्लू पुढे बाहेर राहत नाही, रात्रभर दार ओरबाडतं. त्यापेक्षा ते यायच्या आधीच गोठ्याकडेला, पडवीच्या टोकाला वाऱ्यापावसापासून आडोशाची जागा करा, खाली गोणपाट घाला. ते गोणपाट आठवड्याला धुवा आणि झटकताना घरापासून लांब झटका.

आंघोळ घातली की अंगावरची भुकटी कमी होते, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी होते. म्हणजे खरं तर आठवड्यातून दोनदा घालावी लागेल. जिथे आपल्यालाच टँकरची वाट बघावी लागते तिथे हे कसं जमणार? जमेल तेव्हा आंघोळ आणि मधल्या दिवसांत ओल्या फडक्यानं अंग पुसणं, एवढं करा. कपडे धुवायचा साबण किंवा आपला शाम्पू लावू नका. त्यानं कातडी कोरडी पडते आणि कोंडा वाढतो. कुत्र्यासाठीचा शाम्पू मिळतो, तो वापरा. नुसत्या भाकरी-दुधावर ठेवलेल्या कुत्र्याची कातडीही खराब होते, अधूनमधून अंडं घाला. केस विंचरायचे ते बाहेर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून.

हे सगळं ज्याला वावडं आहे त्यानं करायचं नाही, हे सांगायला नको. मग कोण करणार? मैत्रिणींनो, कुत्रं आणताना पोरं म्हणतात आम्ही सगळं करू, मालक म्हणतात राखणीला पाहिजेच. महिन्याभरानं गोणपाट कुणाच्या हातात असतं ते मी सांगायची गरज नाही. म्हणून पिल्लू आणायच्या आधीच घरात बसून कामं वाटून घ्या. पुसणार कोण, विंचरणार कोण, दवाखान्यात नेणार कोण. जो पुसेल-विंचरेल त्यानं कपडे बदलून मगच आजाऱ्याजवळ जायचं. आणि वावडं जर तुमचं स्वतःचंच असेल तर या वाटणीत तुमचं नाव एकाही कामापुढे नको. बायकांना असतं तेव्हा "थोड्या शिंका तर आहेत" म्हणून कुणी धरतच नाही, आणि आपणही धरत नाही.

घर झाडताना कोरडा झाडू मारला की बसलेली भुकटी पुन्हा उडते. आधी पाण्याचा शिपका द्या, फरशी असेल तर ओलं पुसा, आणि आजाऱ्याला तेवढ्या वेळ बाहेर बसवा. गोधड्या उन्हात घालून झटकायच्या असतील तर कुत्र्याच्या जागेपासून लांब.

बाकी पिल्लाचं नेहमीचं. दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. जंताचं औषध, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या. खेळताना पिल्लाचा दात लागला तरी ती जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन दवाखान्यात जायचं, त्यात कसूर नको.

एवढं करूनही नाही जमलं तर? भेटींतच त्रास झाला, किंवा डॉक्टर नको म्हणाले, तर पिल्लू आणायचं नाही. "सवय होईल हळूहळू" यावर विसंबू नका. वावडं असलेल्याच्या छातीवर रोज तोच भार टाकला तर दमा वाढूही शकतो. आणि आणलेलं कुत्रं चार महिन्यांनी सोडून द्यावं लागलं तर ते रस्त्यावर जगत नाही, त्याला शिकवलेलं नसतं. आमच्याकडे एका वस्तीवर असं घर आहे. त्यांनी बांधाला लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांशी ठरवून घेतलं, कुत्रं तुमचं, रोजची एक भाकरी आमची. ती बांधावरच टाकतात. आता ते कुत्रं दोन्ही घरांना आपलं समजतं आणि रात्री दोन्हीकडून फिरून येतं.

आत्ता श्रावण चालू आहे. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम असतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात, आणि संक्रांतीच्या पुढे-मागे ती आईपासून वेगळी करण्याजोगी होतात. म्हणजे ज्यांना पिल्लू आणायचं आहे त्यांना वही लिहायला, चाचणीला आणि भेटींना पाच महिने आहेत. थंडीत दारं बंद असतात, दमाही त्याच दिवसांत उचल खातो, त्यामुळे त्या दिवसांतल्या भेटींनी खरं काय ते लवकर कळतं. ज्यांच्या घरी कुत्री आहे आणि यंदा पिल्लं नको आहेत, त्यांनी मात्र संक्रांतीची वाट बघू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात या पंधरवड्यातच विचारून या, भाद्रपद लागायच्या आत. आणि ज्यांच्याकडे पिल्लं होणारच आहेत त्यांनी मादी किती, नर किती ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. आमच्या ग्रामसंघात यंदा त्यासाठी रजिस्टरचं एक पान वेगळं ठेवलं आहे. ज्यांच्या घरी वावडं आहे त्यांची नावंही त्याच पानावर खाली लिहायची, म्हणजे कुणी कुणाकडे भेटीला जायचं ते तिथेच ठरेल.